पहिलं बोलणं कोण सुरू करतं? कॅथलिक समाजातलं लग्न जुळणं आणि आपला संशोधन-प्रश्न



मागच्या लेखात आपण विषय आणि प्रश्न यांतला फरक बघितला. ‘ग्रामीण भागातील विवाहसंस्था’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे, एवढं तुम्हाला पटलं असेल. पण प्रश्न निघतो कुठून, हे सांगायचं राहिलं होतं. आज एकच उदाहरण घेऊन ते समजावतो. उदाहरण माझ्या स्वतःच्या कामातलं आहे आणि त्यात माझी एक चूकही आहे. ती लपवत नाही, कारण पेट-नेट पास होऊन तुम्ही फील्डवर जाल तेव्हा नेमकी तीच चूक तुमच्याकडून होऊ शकते.

पारावरचं एक वाक्य

माझं गाव दिंद्रुड, बीड जिल्ह्यातलं. संध्याकाळी पारावर बसलं की तिशीच्या आसपासची चार-सहा पोरं हमखास भेटतात. शेत आहे, घर आहे, मोटरसायकल आहे, लग्न नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : “मुलीकडच्यांना नोकरीवाला पाहिजे.” हे खरंच आहे. पण एकदा त्यांच्यातला एक जण वेगळंच बोलला. “आरं, आपल्या बापाला तरी कुठं बोलता येत होतं? त्याचं आज्ज्यानं आन् मामानं बैठकीत जमवलं. आता म्हणतेत पोरीला फोन कर, बोल. काय बोलू?”

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. लग्न न जमण्याचं कारण पैशात शोधायची आपल्याला सवय असते. इथे एक जण सांगत होता की बोलायची कला कधी लागतच नव्हती, कारण बोलायचं काम दुसऱ्याचं होतं. ते दुसरं माणूस बाजूला झालं आणि हा उघडा पडला.

कॅथलिक समाजच का?

माझं पीएच.डी.चं काम मराठवाड्यातल्या कॅथलिक कुटुंबांवर आहे. अनेकांना वाटतं ख्रिस्ती म्हणजे मुंबई, वसई किंवा गोवा. पण औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली वेगळा झाला आणि बीड जिल्हा त्यातच येतो. या भागातली बहुसंख्य कॅथलिक कुटुंबं दलित जातींतून आलेली आहेत. बोली आपलीच, जेवण आपलंच, साखरपुडा आणि हळदही आपलीच. फक्त लग्न चर्चमध्ये लागतं.

अभ्यासाला हा समाज उपयोगी पडतो, कारण इथे लग्नाचे दोन नियम एकाच वेळी चालतात. एक लिहिलेला, एक न लिहिलेला. आणि दोन्ही एकमेकांच्या उलट बोलतात.

लिहिलेला नियम आधी बघू. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत कलम १०५७ सांगतं की लग्न होतं ते वधू-वरांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरं कुणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. बाप नाही, मामा नाही, फादरही नाही. कलम ११०३ प्रमाणे जबरदस्तीने किंवा भीतीपोटी झालेलं लग्न ग्राह्यच नाही. हे आजकालचं नाही. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत चोरून होणाऱ्या लग्नांवर मोठा वाद झाला. आईबापाची परवानगी सक्तीची करा, असा फ्रान्सच्या राजाच्या बाजूने आग्रह होता. परिषदेने ते मानलं नाही. तिने दुसरी अट घातली : लग्न धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांसमोर व्हावं, आणि त्याआधी तीन सणवारी चर्चमध्ये जाहीर व्हावं. म्हणजे लग्न लपवता येणार नाही, पण ‘हो’ म्हणायचा अधिकार त्या दोघांचाच.

आता न लिहिलेला नियम. गावात सोयरीक जुळते ती घरांची. स्थळ येतं मध्यस्थाकडून, बघायला येतात पाव्हणे, चहापोहे होतात, मुलीला दोन प्रश्न विचारले जातात, आणि तिने काय उत्तर दिलं यापेक्षा कसं दिलं हे बघितलं जातं. बोलणी बैठकीत होते, मुलगा-मुलगी तिथे नसतात.

मग कोडं असं पडतं : ज्या दोघांनी एकमेकांशी धड दहा वाक्यंही बोललेली नाहीत, त्यांची ‘स्वतःची संमती’ तयार होते कधी आणि कुठे? चर्चच्या पद्धतीत लग्नाआधी फादर दोघांना वेगवेगळं बसवून चौकशी करतात : तुझी इच्छा आहे का, कुणाचा दबाव आहे का. एखाद्या मुलीला घरचं कुणी शेजारी नसताना ‘तुला हवंय का’ असं विचारलं जाण्याची आयुष्यातली पहिली वेळ तीच असू शकते. तोपर्यंत पत्रिका छापून झालेल्या असतात.

माझा प्रश्न इथून निघाला. विषयातून नाही, दोन नियमांमधल्या फटीतून. तुमच्या विषयातही अशी फट शोधा.

मामाची मुलगी : गृहीतक कसं तयार होतं

आणखी एक फट दाखवतो. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या आपल्या १९५३ च्या पुस्तकात महाराष्ट्रातल्या मामेबहिणीशी होणाऱ्या लग्नाची सविस्तर चर्चा केली आहे. मराठवाड्यात तुम्हाला हे पुस्तकातून शिकायची गरजच नाही. ‘मामाची पोरगी हक्काची’ हे घरोघरी ऐकलेलं असतं.

पण बोलण्याच्या अंगाने या नात्याकडे बघा. आतेभाऊ आणि मामेबहीण लहानपणापासून एकमेकांची टिंगल करू शकतात. लोक हसतात, कुणी रागावत नाही. मानवशास्त्रात याला थट्टेचं नातं म्हणतात, आणि रॅडक्लिफ-ब्राऊन यांचा १९४० चा त्यावरचा लेख आजही वाचावा असा आहे. थोडक्यात, तरुण मुला-मुलीला मोकळं बोलायची परवानगी असलेली आपल्याकडची एक जागा म्हणजे हे नातं.

कॅथलिक कायद्यात मात्र कलम १०९१ प्रमाणे सख्ख्या आते-मामे भावंडांचं लग्न निषिद्ध नात्यात मोडतं. बिशपांकडून खास सूट घेतल्याशिवाय ते लागत नाही. म्हणजे जिथे बोलणं मोकळं, तिथे लग्न बंद. आणि जिथे लग्न चालतं, तिथे बोलणं बंद.

मग माझं गृहीतक असं बनलं : ज्या समाजात हे नातं लग्नासाठी बंद आहे, तिथे बोलणं सुरू करायला दुसऱ्या जागा तयार व्हायला हव्यात. त्या कोणत्या? चर्चचा गायनवृंद, युवा मंडळ, नाताळच्या नाटकाची तालीम, दुसऱ्या कुणाचं तरी लग्नघर, आणि हरेगावची मतमाउलीची यात्रा. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरमध्ये, मरियेच्या जन्मसणाच्या आसपास ही यात्रा भरते. मराठवाड्यातून लोक टेम्पो, जीप करून जातात. नवस फेडायला जातात हे खरंच, पण दहा गावचे सोयरे एकाच मैदानात भेटतात हेही खरं.

लक्षात घ्या, हे अजून गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. ते चूक ठरू शकतं. आते-मामे भावंडांची लग्नं सूट घेऊन सर्रास होत असतील, तर माझा अर्धा युक्तिवाद कोसळतो. ते तपासायला मला चर्चच्या लग्न-नोंदवह्या बघाव्या लागतील. ज्या गृहीतकाला कोसळायची भीती नाही, ते कामाचं नाही.

बाकी जगात काय दिसतं?

आपण मराठवाड्यात अडकून पडायचं नाही. जुन्या वळणाच्या कॅथलिक गावांवर उत्तम अभ्यास झालेले आहेत. दोन सांगतो.

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात अरेन्सबर्ग आणि किंबॉल या अमेरिकन अभ्यासकांनी १९३० च्या दशकात काम केलं. पुस्तक १९४० मध्ये आलं. तिथेही मुलाच्या बाजूने एक ‘बोलणारा’ मुलीच्या बापाकडे जायचा. मग बाजारच्या दिवशी दारूच्या गुत्त्यात दोन्हीकडची मंडळी बसायची, हुंड्यावर घासाघीस व्हायची, आणि मुलीकडचे मुलाची जमीन पायी फिरून बघायचे. वाचताना वाटतं, ही तर आपलीच बैठक. आपल्याकडे चहा असतो एवढाच फरक.

दुसरा अभ्यास पिएर बोर्दिए यांचा. दक्षिण फ्रान्समधला बेआर्न हा त्यांचा स्वतःचा मुलूख. १९६२ च्या लेखात त्यांनी गावातल्या नाताळच्या नाचाचं वर्णन केलं आहे. मध्ये शहरी कपड्यांतली तरुण पोरं-पोरी नाचतात आणि कडेला तिशीतले शेतकरी अविवाहित पुरुष नुसते उभे असतात. नाचत नाहीत, बोलत नाहीत, बघत राहतात. गंमत म्हणजे हेच थोरले मुलगे, जमिनीचे वारस. एका पिढीपूर्वी गावातली सगळ्यात चांगली स्थळं हीच होती.

झालं काय होतं? पूर्वी लग्न घरचे आणि मध्यस्थ जुळवायचे, त्यामुळे अबोल मुलाचंही लग्न व्हायचं. लहानपणापासून मुलं वेगळी, मुली वेगळ्या वाढायच्या, त्याने काही बिघडत नव्हतं. मग मध्यस्थ मागे पडला, मुली शहराकडे बघू लागल्या, आणि बोलणं मुलाने स्वतः सुरू करायची वेळ आली. ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. चालणं, कपडे, हात कुठे ठेवायचे, सगळंच त्याला ‘गावठी’ ठरवू लागलं.

आता पारावरचं ते वाक्य परत वाचा. “काय बोलू?” दिंद्रुड आणि बेआर्न यांत धर्म वेगळा, देश वेगळा, पण रचना ओळखीची आहे. चांगलं वाचन म्हणजे हेच : दूरच्या पुस्तकाने आपल्या वहीतल्या एका वाक्याला जागा मिळवून दिली. पण लगेच ‘बीडमध्येही अगदी असंच आहे’ असं लिहू नका. बेआर्नमध्ये जात नव्हती. आपल्याकडे आहे, आणि धर्म बदलला तरी ती लग्नात उभी राहते. गोव्यातल्या कॅथलिकांमध्येही जातीची नावं टिकून आहेत. रोवेना रॉबिन्सन यांचं दक्षिण गोव्यावरचं १९९८ चं पुस्तक यासाठी जरूर वाचा.

माझी चूक

आता मुद्द्याचं. फील्डवर्कच्या पहिल्या महिन्यात मी एका गावात गेलो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. रविवारची मिस्सा संपली होती, लोक बाहेर थांबले होते. गायनवृंदातली एक विशी-बाविशीची मुलगी पुस्तकं गोळा करत होती. मी सरळ जाऊन नाव सांगितलं, विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, “तुमच्याकडे लग्नं कशी जमतात? मुलं-मुली आधी बोलतात का?”

तिने माझ्याकडे बघितलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या वहिनीकडे बघितलं. वहिनीने मला विचारलं, “गाव कोणतं?”

“दिंद्रुड.”

“दिंद्रुडात कुणाचे?”

मराठवाड्यात वाढलेल्याला हा प्रश्न समजतो. ‘कुणाचे’ म्हणजे कोणत्या घरचे, आणि त्याच्या आत, कोणत्या जातीचे. पुढचा प्रश्न आला : “लग्न झालंय का?” मी नाही म्हणालो. वहिनी म्हणाली, “मग घरी या, भाऊ आहेत, त्यांच्याशी बोला.” आणि दोघी निघून गेल्या.

संध्याकाळी वहीत मी लिहिलं : ‘प्रतिसाद मिळाला नाही.’

तीन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा तिथल्या सिस्टरांनी मला बाजूला बोलावलं. त्या मुलीला घरच्यांनी दोन रविवार गायनवृंदात पाठवलं नव्हतं. बाहेरगावचा एक बिनलग्नाचा पोरगा तिच्याशी बोलत होता, अशी चर्चा झाली होती. सिस्टर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाळा, तुझा अभ्यास होईल, तिचं स्थळ जाईल.”

मी ज्या गोष्टीचा अभ्यास करत होतो, तीच गोष्ट मी करून बसलो होतो. परक्या मुलीशी पहिलं बोलणं सुरू केलं होतं, तेही मध्यस्थाशिवाय. त्या समाजाच्या भाषेत त्याचा अर्थ ठरलेला होता. माझं ओळखपत्र तो अर्थ पुसू शकत नव्हतं.

माझ्या गाईडनी ती नोंद वाचली आणि ‘प्रतिसाद मिळाला नाही’ खाली लाल पेनने लिहिलं : ‘उत्तर कुणी दिलं?’

वहिनीने दिलं होतं. गाव विचारलं, घर विचारलं, लग्न विचारलं आणि बोलण्याचा मार्ग दाखवला : भावाकडून या. संपूर्ण पद्धत तिने मला चार वाक्यांत सांगितली होती, आणि मी ती कोरी नोंद म्हणून फेकून देत होतो. त्या दिवशी माझा प्रश्न बदलला. आधी तो होता : ‘कॅथलिक तरुण-तरुणी संवाद कसा सुरू करतात?’ आता आहे : ‘दोघांच्या पहिल्या बोलण्यात तिसरा माणूस कोण असतो, तो काय विचारतो, आणि तो नसेल तेव्हा किंमत कोण मोजतं?’

किंमत कोण मोजतं, हे मला आता माहीत आहे. मी मोजली नाही.

फील्डवर जाण्याआधी ठरवायच्या गोष्टी

एक. आधी तिसऱ्या माणसाकडे जा. फादर, सिस्टर, घरातली मोठी बाई, युवा मंडळाचा प्रमुख. याला परवानगीचा सोपस्कार समजू नका. ते कसे विचारतात, कुणाकडे पाठवतात, कुठे थांबवतात, ही तुमची पहिली सामग्री आहे. मुलींशी बोलायचं असेल तर महिला सहकारी सोबत घ्या, किंवा तो भाग तिच्याकडेच द्या. पण एक भान ठेवा : तिसऱ्या माणसासमोर मिळालेलं उत्तर हे त्याच्यासाठीही दिलेलं असतं. म्हणून प्रत्येक नोंदीत लिहा, त्या वेळी तिथे कोण कोण होतं.

दोन. धर्म विचारताना शंभरदा विचार करा. संविधानाच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आधी फक्त हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध जोडले गेले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो दर्जा नाही. त्यामुळे काही घरं रविवारी चर्चमध्ये असतात आणि कागदावर हिंदू असतात. अशा घरात ‘तुमचं लग्न कोणत्या चर्चमध्ये लागलं, साल कोणतं’ हा साधा प्रश्न नाही. तुमच्या प्रबंधातलं एक वाक्य कुणाच्या तरी मुलाच्या जात पडताळणीत पुरावा म्हणून उभं राहू शकतं. गाव, चर्च आणि साल या तीन गोष्टी एकत्र कधीच लिहू नका. नाव बदलल्याने माणूस लपतोच असं नाही. लहान गावात ‘शिक्षकाची थोरली सून’ एवढं पुरतं.

तीन. वय. कायद्याने मुलीचं वय १८ आणि मुलाचं २१ लागतं. पण आपल्या जिल्ह्यात बालविवाह ही ऐकीव गोष्ट नाही, हे तुम्हीही जाणता. सतरा वर्षांची मुलगी विश्वासाने तुम्हाला प्रेमप्रकरण सांगेल. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अशा गुन्ह्याची माहिती कळवण्याचं बंधन आहे. तेव्हा काय करायचं हे त्या क्षणी ठरवता येत नाही. गाईड आणि नैतिकता समितीशी आधी बोला, आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच समोरच्याला सांगा की कोणती गोष्ट तुम्ही गुप्त ठेवू शकणार नाही.

चार. संमतीपत्रावर सही म्हणजे संमती नाही. चर्चच्या कायद्याला हे पाचशे वर्षांपूर्वी कळलं होतं म्हणून तिथे दबावाची चौकशी वेगळी होते. आपणही तेच करू. सही झाल्यावर, एकांत मिळेल तेव्हा, एकदा परत विचारा : “नको असेल तर नाही म्हणा, मी कुणाला सांगणार नाही.” मला आतापर्यंत दोघींनी ‘नाही’ म्हटलंय. दोघींच्या सह्या माझ्याकडे होत्या. त्या मुलाखती मी वापरणार नाही.

तुमच्यासाठी काम

या आठवड्यात एक सराव करा. तुमच्या घरातलं किंवा नात्यातलं एक लग्न घ्या. वधू-वरांमध्ये झालेलं पहिलं वाक्य कोणतं, ते कुठे झालं, आणि तेव्हा जवळ कोण होतं, हे तिघांना वेगवेगळं विचारा : नवऱ्याला, बायकोला आणि मध्यस्थाला. तिघांची उत्तरं शेजारी शेजारी लिहा. उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका. जिथे जुळत नाहीत, तिथे बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, असं का? तुमचा प्रश्न तिथे सापडायची शक्यता जास्त.

मी माझ्या आईवडिलांवर हा सराव केला. वडील म्हणाले, पहिलं बोलणं लग्नानंतर झालं. मामा म्हणाला, बैठकीच्या दिवशी माझ्यासमोर झालं. आई हसली आणि म्हणाली, “कुणी इचारलंच न्हाई मला आजवर.” मग तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तिने नको म्हटलंय.

पुढच्या लेखात मुलाखतीची नोंद कशी लिहायची ते बघू. वही तयार ठेवा.